दुखण्याचं औषध मिळवताना: नागपुरात पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. लहानपणी दुखणं यायचं, आठवडाभर पिळून काढायचं आणि जायचं. बाविसाव्या वर्षी त्याच्या उजव्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा थांबला. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. तेव्हापासून दुखणं मुक्कामालाच आलं. आम्ही भंडारा जिल्ह्यातले, उपचारासाठी नागपुरात आलो आणि राहिलो.

पहिल्या वर्षी एका रात्री साडेअकराला आम्ही तीन दुकानं फिरलो. चिठ्ठीवर ट्रामाडॉल लिहिलेलं. पहिल्यानं चिठ्ठी हातात न घेताच मान हलवली. दुसऱ्यानं चिठ्ठीकडे बघितलं, मग स्कूटीवर बसलेल्या भावाकडे बघितलं आणि "हे आम्ही ठेवतच नाही, ताई" म्हणाला. तिसऱ्यानं मात्र नीट समजावलं. एकूण किती गोळ्या द्यायच्या ते चिठ्ठीवर नाही, डॉक्टरांच्या शिक्क्यातला नोंदणी क्रमांक उमटलेला नाही, मी रजिस्टरमध्ये काय लिहू? त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. चिठ्ठीच अर्धी होती, आणि ती अर्धी आहे हे आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

सिकलसेल असो, कॅन्सर असो, मणक्याच्या ऑपरेशननंतर उरलेलं दुखणं असो, काउंटरवरचे प्रश्न तेच असतात. म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. गोळी कोणती आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील. ती हातात येईपर्यंतची वाट मला माहीत आहे, तेवढीच सांगते.

१. तुमचं औषध कोणत्या गटातलं, ते आधी ओळखा

सगळी वेदनाशामक औषधं एका नियमात बसत नाहीत. निम्मा गोंधळ इथेच होतो.

पॅरासिटामॉल कुठेही मिळतं. डायक्लोफेनॅक, एसेक्लोफेनॅक, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन यांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ट्रामाडॉल शेड्यूल एच-१ मध्ये आहे. म्हणजे दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. शिवाय २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याखाली, म्हणजे एनडीपीएसखाली आलं. तेव्हापासून अनेक लहान दुकानदारांनी "झंझट नको" म्हणून ते ठेवणंच सोडलं. पाकिटावर 'एनआरएक्स' अशी खूण दिसली, की समजा, हे त्या कायद्यातलं औषध.

मॉर्फिनचा गट सगळ्यात वेगळा. १९८५ च्या मूळ एनडीपीएस कायद्याखाली ते ठेवायला रुग्णालयांना वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागायचे, आणि बहुतेक रुग्णालयांनी त्या भानगडीत पडणंच टाळलं. २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली. आता राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता असलेली वैद्यकीय संस्था ती ठेवू आणि देऊ शकते, मात्र तिथे वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा. अशा संस्थेला डॉक्टरमंडळी 'आरएमआय', म्हणजे रेकग्नाइज्ड मेडिकल इन्स्टिट्यूशन, म्हणतात. हा शब्द पाठ करा. चौकशीच्या खिडकीवर "तुमच्याकडे मॉर्फिन आहे का" असं विचारलं की समोरचा दचकतो. "हे आरएमआय आहे का, पेन किंवा पॅलिएटिव्ह ओपीडी कोणत्या वारी असते" असं विचारलं की सरळ उत्तर मिळतं. पॅलिएटिव्ह म्हणजे आजारातला त्रास कमी करणारे उपचार.

मॉर्फिन फक्त कॅन्सरच्या रुग्णालाच द्यायचं, असं कायद्यात कुठेही नाही. पण कॅन्सर नसलेल्या जुनाट दुखण्यात डॉक्टर ते लगेच सुरू करत नाहीत, आणि त्याला सबळ कारणं आहेत. वर्षानुवर्षं घ्यायचं तर त्याचे तोटेही मोठे. भावाला मॉर्फिन फक्त क्रायसिसमध्ये, म्हणजे सिकलसेलचं दुखणं एकदम उसळतं तेव्हा, भरती असताना मिळालं. रोजच्यासाठी दुसरी औषधं आहेत. मी भांडून रोजचं मॉर्फिन मिळवलं असतं तर त्याचं भलं झालं असतं, असं आज मला वाटत नाही. पण क्रायसिसमध्ये ते नाकारलं गेलं, त्या रात्री मी विसरणार नाही.

या कायद्याचा विचार केला की एक गोष्ट मनात सलते. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात अफूची कायदेशीर शेती होते, नीमचला सरकारी कारखाना आहे. ज्याच्यापासून मॉर्फिन बनतं ते पीक एवढं जवळ, आणि इथला माणूस रात्रभर उशी चावत पडतो.

२. कोणत्या दारात जायचं

नवख्यांसाठी आधी एक खुलासा. नागपुरात 'मेडिकल' म्हणजे औषधाचं दुकान आणि 'मेडिकल' म्हणजेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मेडिकल चौकातलं. ऑटोवाल्याला नुसतं "मेडिकल" म्हटलं तर तो तुम्हाला हॉस्पिटलच्या फाटकावरच सोडेल. 'मेयो' म्हणजे रेल्वे स्टेशनजवळचं इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. 'सुपर' म्हणजे मेडिकलचंच सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल, पण ते मुख्य आवारात नाही. तिथे जायचं असेल तर तसं स्पष्ट सांगा. एम्स मिहानमध्ये आहे. मेट्रोनं खापरीपर्यंत जाऊन पुढे ऑटो किंवा बस.

कॅन्सरचा रुग्ण असेल तर मानेवाडा रोडवरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि वर्धा रोडवर जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. तिथे गेल्यावर पॅलिएटिव्ह केअरची चौकशी करा. पॅलिएटिव्ह म्हणजे "आता काही उरलं नाही" असं नव्हे. केमो चालू असतानाही दुखण्यासाठी तिथे जाता येतं.

बाकीच्यांसाठी: जुनाट दुखण्याची ओपीडी बहुतेक ठिकाणी बधिरीकरण विभाग, म्हणजे भूलतज्ज्ञ, चालवतात. हे माहीत नसल्यामुळे आम्ही आठ महिने फक्त हाडांच्या आणि मेडिसिनच्या ओपीडीत फिरलो. तिथल्या डॉक्टरांना "पेन क्लिनिकला रेफर करता का" असं स्वतःहून विचारा आणि केसपेपरवर तसं लिहून घ्या. ओपीडीचा वार फोन करून आधी विचारा. आम्ही दोनदा गोंदियाहून येणाऱ्या पॅसेंजरमध्ये उभ्यानं आलो आणि ओपीडी दुसऱ्या दिवशी होती.

३. फाईल बनवा

प्लॅस्टिकची, बटणाची, एकच. तिच्यात:

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड, दोन-दोन झेरॉक्स
- निदानाचा मूळ कागद: बायोप्सी, एमआरआयचा रिपोर्ट, किंवा सिकलसेलचा इलेक्ट्रोफोरेसिस रिपोर्ट आणि कार्ड
- सगळी डिस्चार्ज कार्डं, तारखेनुसार, नवीन सगळ्यात वर
- क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि लिव्हरच्या तपासण्या, शक्यतो तीन महिन्यांच्या आतल्या
- आजवर घेतलेल्या दुखण्याच्या औषधांची यादी: कोणतं, किती दिवस, काय फरक पडला, काय त्रास झाला
- आभा क्रमांक (आयुष्मान भारतचा आरोग्य क्रमांक)

यादीतलं पाचवं सगळ्यात मोलाचं, आणि नेमकं तेच कुणाकडे नसतं. "डायक्लोफेनॅक चार महिने घेतलं, पोटात आग झाली, क्रिएटिनिन वाढलं, बंद केलं" एवढी एक ओळ असली तर डॉक्टर तीच गोळी पुन्हा लिहीत नाहीत. क्रिएटिनिनचंही तसंच. किडनी अशक्त असेल तर मॉर्फिन शरीरात साचतं, डोस बदलावा लागतो. तो आकडा समोर नसला की डॉक्टर "आधी तपासणी करून आणा" म्हणतात आणि तुमचा दिवस जातो.

सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजना भरतीच्या ठरावीक उपचारांना आहे. महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. त्यासाठी जनऔषधी केंद्रात बघा, प्रीगॅबालिनसारखी औषधं तिथे बरीच स्वस्त पडतात.

४. ओपीडीत दुखणं कसं सांगायचं

एकदा एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत भाऊ बाकावर बसला होता. दोन्ही हात मांडीखाली दाबलेले, नजर फरशीवर, तोंडातून आवाज नाही. ड्युटीवरचे तरुण डॉक्टर म्हणाले, "इतका शांत बसलाय म्हणजे एवढं दुखत नसेल." शेजारी हात मोडलेला मुलगा ओरडत होता, त्याला आधी इंजेक्शन मिळालं. बारा वर्षं दुखणं सोसलेला माणूस ओरडत नाही. त्यानं ओरडण्यातली ताकद वाचवायला शिकलेलं असतं. हे आपल्यालाच शब्दांत सांगावं लागतं.

नुसतं "खूप दुखतं" म्हणू नका. आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत, ते वापरा. ठणका आहे की चमक? कळ येऊन जाते, की सतत आवळल्यासारखं होतं? जळजळ, मुंग्या, करंट लागल्यासारखं, कपडा घासला तरी सहन न होणं, असं असेल तर ते मुद्दाम सांगा. ही नसेच्या दुखण्याची लक्षणं असतात आणि त्यावरची औषधं वेगळी असतात. तिथे साधी पेनकिलर कितीही खाल्ली तरी भागत नाही. आई भावाचं दुखणं सांगताना म्हणायची, "हाड कोणी आतून कोरून राहिलं असं होते त्याले." मला आधी ओशाळल्यासारखं व्हायचं. पेन ओपीडीच्या डॉक्टरीणबाईंनी ते वाक्य जसंच्या तसं केसपेपरवर लिहून घेतलं.

मग आकडा सांगा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त असू शकत नाही. सगळ्या दिवसांना दहा म्हणू नका. आठवडाभर वहीत सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा आणि वहीच पुढे करा. आकड्यासोबत काय अडतं ते सांगा: उकिडवं बसता येत नाही, जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबावं लागतं, रात्री चारदा उठतो, कामाचे महिन्यात नऊ दिवस बुडाले. डॉक्टरांना यावरून जास्त कळतं.

आणि एक सापळा. आत गेल्या गेल्या "ट्रामाडॉल लिहून द्या" असं म्हणू नका. नाव घेऊन मागितलं की संशय येतो, हे मला अजिबात न्याय्य वाटत नाही, पण तसं होतं. त्याऐवजी जुनी चिठ्ठी पुढे ठेवा आणि म्हणा, "याने दहाचं दुखणं पाचवर आलं होतं. पुढे काय करावं?" लपवू मात्र काहीच नका. दारू, झोपेच्या गोळ्या, नैराश्याच्या गोळ्या, आकडीचा इतिहास, सगळं सांगा. ट्रामाडॉलनं आकडी येऊ शकते आणि नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर ते धोकादायक ठरतं.

५. खिडकीपासून हलण्याआधी चिठ्ठी वाचा

तारीख, रुग्णाचं पूर्ण नाव (आधारवर आहे तसंच), वय, पत्ता. औषधाचं नाव, ताकद, दिवसातून किती वेळा, किती दिवस, एकूण किती गोळ्या. सही, शिक्का, आणि वाचता येईल असा नोंदणी क्रमांक. एक जरी राहिलं तरी तिथेच परत वळा, कारण संध्याकाळी ते डॉक्टर सापडत नाहीत.

चिठ्ठी पुन्हा वापरायची असेल तर डॉक्टरांनी तसं लिहिलेलं हवं. नाहीतर एकदा औषध दिल्यावर दुकानदारानं त्याच चिठ्ठीवर पुन्हा देऊ नये, असा नियमच आहे. ट्रामाडॉलसारखी सायकोट्रॉपिक (एनडीपीएसमधला एक गट) औषधं रुग्णाला स्वतःसाठी एका वेळी १०० मात्रांपर्यंत जवळ ठेवता येतात. उपचार लांबचा आहे असं डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं तर ३०० पर्यंत. गावाहून येणाऱ्यांनी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर नक्की घालावी.

व्हिडिओवर डॉक्टर गाठून हे औषध मिळत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत एनडीपीएसमधली औषधं फोनवरून लिहून द्यायला मनाई आहे. "ऑनलाइन लिहून देतो" म्हणणाऱ्याला पैसे पाठवू नका.

६. एकच डॉक्टर, एकच दुकान

दोन डॉक्टरांकडून एकच औषध लिहून घेऊ नका. टंचाईच्या भीतीनं आम्हीही तो विचार केला होता. पण ते उघड झालं की तुमच्या खऱ्या दुखण्यावरचाही विश्वास जातो, आणि डोस दुप्पट होण्याचा धोका वेगळाच.

दुकानही ठरवा. मोठ्या हॉस्पिटलजवळची, धंतोली-रामदासपेठेतली दुकानं ही औषधं ठेवण्याची शक्यता जास्त. दिवसा जा, गर्दी नसताना, फाईल घेऊन. मालकाला सांगा: हा रुग्ण, हे निदान, दर महिन्याला एवढं लागेल, संपायच्या सहा दिवस आधी मी येईन. आमचा दुकानदार आता मला बघितल्यावर रजिस्टर स्वतःच काढतो. मॉर्फिनसाठी मात्र दुकानं फिरू नका. ते जिथे नाव नोंदवलं त्या संस्थेतूनच घ्यायचं. रुग्णाला येणं शक्य नसेल तर नातेवाईकाला देतात का, त्यासाठी काय कागद लागतो, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.

७. औषध घरी आल्यावर

मॉर्फिन सुरू झालं की पोट घट्ट होणारच. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठता मात्र कमी होत नाही. म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीसोबतच मागून घ्या. इसबगोल आपल्या मनानं देऊ नका. पाणी कमी पडलं तर ते आतच घट्ट बसतं. हळूहळू सुटणारी गोळी फोडायची किंवा कुटायची नाही. डोस घड्याळाप्रमाणे द्यायचा, दुखणं डोक्यावर चढायची वाट बघायची नाही. आणि अचानक बंद कधीच करायचं नाही.

माणूस हाक मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील तर पुढचा डोस न देता १०८ ला फोन करा. दारू किंवा अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांसोबत हे औषध घेतलं की हीच वेळ येऊ शकते.

घरचे "सवय लागेल" म्हणतीलच. त्यांना फरक समजावून सांगा. काही आठवडे औषध घेतल्यावर शरीराला ते लागतं, एकदम सोडलं तर घाम, अस्वस्थता होते; डॉक्टर डोस उतरवत आणून ते बंद करू शकतात. व्यसन म्हणजे दुखणं नसतानाही, नुकसान होत असतानाही ओढ सुटत नाही ते. ते होऊ शकतं, म्हणून गोळ्या कुलपात ठेवायच्या आणि मोजून ठेवायच्या. पण त्या भीतीपोटी औषध बंद करून माणसाला तळमळत ठेवू नका.

आता नागपूरचा उन्हाळा. गोळ्या स्कूटीच्या डिक्कीत ठेवू नका. कॅन्सरच्या रुग्णाला फेंटानिलचा पॅच लावलेला असेल तर त्याला उन्हात नेऊ नका आणि त्या जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. उष्णतेनं औषध जास्त वेगानं शरीरात जातं, तापातही तसंच होतं. सिकलसेलवाल्यांना नवतप्यात पाणी कमी पडलं की क्रायसिस येतो, आणि पाणी कमी असताना घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळी किडनीवर जास्त घाव घालते. कूलरची धार थेट अंगावर नको, गारठ्यानंही दुखणं उठतं.

८. पुडी घेऊ नका

प्रत्येक गावात एक पुडीवाला असतो आणि त्याच्या पुडीनं दोन दिवसांत लोक चालायला लागतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड कुटलेलं असू शकतं. स्टेरॉइडनं सूज उतरते, माणूस हुशारतो, आणि दीर्घकाळ घेतलं तर खुब्याचं हाड मरू शकतं. भावानं सोळाव्या वर्षी सहा महिने पुडी खाल्ली. सिकलसेलमुळे हाड जाणारच होतं की पुडीनं घाई केली, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पुडी मीच आणून दिली होती.

९. नकार मिळाला तर

आधी कारण विचारा: हे औषध माझ्यासाठी योग्य नाही, की इथे उपलब्ध नाही, की लिहायचा अधिकार नाही? तिन्हींची वाट वेगळी. योग्य नसेल तर पर्याय विचारा. नर्व्ह ब्लॉक (इंजेक्शननं नस बधिर करणं), फिजिओथेरपी, ऑपरेशनही असू शकतं. उपलब्ध नसेल तर कुठे मिळेल ते केसपेपरवर लिहून मागा. अधिकार नसेल तर ज्यांना आहे त्यांच्याकडे रेफर करून घ्या. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांची खोली शोधा. ही माणसं रुग्णाची बाजू वरपर्यंत नेतात. त्यानंतरही अडलं तर वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

१०. रात्रीची पिशवी

क्रायसिस बहुधा रात्रीच गाठतो. फाईलचा झेरॉक्स संच, चालू चिठ्ठी, पाण्याची बाटली, शाल, चार्जर, थोडे सुटे पैसे. आणि एक कागद: चालू औषधं, आणि शेवटचा डोस किती वाजता दिला. कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्या घाईत कुणालाच आठवत नाही.

आमच्याकडे तो कागद आई भरते. तिला इंग्रजी नावं लिहिता येत नाहीत. म्हणून ती रिकाम्या पाकिटाचा नाव छापलेला तुकडा कापून खळीनं चिकटवते आणि शेजारी वेळ लिहिते. पिशवी दाराच्या खिळ्याला टांगलेली असते, कागद सगळ्यात वर.